गवाही देणारीचे पुढे काय?

ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो. आणि समाजालाही कळावे म्हणून त्याच जळलेल्या माणसाला व्यासपीठावर उभे करतो. एड्स असो, हुंडा असो की तोंडी तलाक, जनजागृतीची मोहीम निघाली की बोलायला एखादी ‘पीडित’ हवीच असते. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांकडे तिची चौकशी होते, कारण मोहल्ल्यातल्या घरांची माहिती मास्तरांना असते. नाव सुचवावे की न सुचवावे?

सोसलेल्याच्या बोलण्यात ताकद असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. फक्त सात जणी, पण शंभर पुरुषांच्या भाषणांनी झाले नसते ते त्यांच्या चालण्याने झाले. १९८५ मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळाने कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा काढला, त्यामागेही हीच समजूत होती. मात्र ‘सात’ हा आकडा आपल्याला पाठ आहे. त्यांतल्या किती जणींची नावे सांगता येतील?

त्याच १९८५ सालातली शाहबानो आठवावी. इंदूरची ही बाई, साठी ओलांडलेली. तिने मागितले होते महिना पाचशे रुपये. खालच्या कोर्टाने पंचवीस दिले, हायकोर्टाने १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले, आणि म्हातारीची पोटगी बाजूला पडून देशभर धर्म आणि कायद्याचा वाद पेटला. कोणी तिला अबलेचे प्रतीक केले, कोणी मुसलमानांना बोल लावायचे साधन केले, आपल्यातल्यांनी दीनची गुन्हेगार ठरवले. त्याच नोव्हेंबरात तिच्या अंगठ्याचे पत्र निघाले, की हा निकाल आपल्याला नको. ती दबावाखाली फिरली असे म्हणून तिला भित्री ठरवणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते पटत नाही. तिच्या कहाणीवर भाषणे करणारे सभा संपली की आपापल्या घरी जात होते. तिला मात्र त्याच बिरादरीत, त्याच गल्लीत राहायचे होते. कहाणी सांगायचा हक्क तिचा, तर ती परत घ्यायचाही तिचाच.

आपल्या परंपरेत याहून वेगळा दाखला आहे. खौला बिन्त सालबा यांना नवऱ्याने ‘तू मला आईसारखी’ म्हणून टाकले, म्हणजे जिहार केला. त्या तक्रार घेऊन हुजूरांकडे गेल्या, हुज्जत घातली, आणि सूरह मुजादला उतरली. अल्लाहने तिचे ऐकले, असे तिथे पहिल्याच आयतीत आहे. पाहा, बाई एकदा बोलली आणि तिच्याच घराचा प्रश्न सुटला. नवऱ्याला कफ्फारा सांगितला गेला. जमले नाही तर साठ गरिबांना जेवण. तिला गावोगाव फिरवून तेच दुःख पुन्हा सांगायला लावले नाही. आमच्या मोहिमा इथेच कमी पडतात. टाळ्या पडतात, फोटो निघतो, मुलांची फी भरायची तशीच राहते.

पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथी दाखवतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. या खेळात सोसणारी एक आणि सांगणारा दुसरा. सीतेचे दुःख ऐकून डोळे पुसायला सीता समोर लागत नाही. सामाजिक विषयही बाहुल्यांतून मांडले जातात. कोणी म्हणेल, बाहुलीच्या बोलण्याला गवाहीचे वजन कसे येणार? येणार नाही, हे खरेच. कोर्टात, विधिमंडळात बाईच लागते. २०१७ चा तलाकचा निकालही शायराबानो आणि इतर जणी स्वतः उभ्या राहिल्या म्हणून लागला. पण शाळेच्या पटांगणातल्या शंभर आयांना समजावायला गावातलीच एक जण उघडी का करावी? तिथे बाहुली बोलेल. आणि जिच्यावर बेतले, ती मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन इतरांसारखीच बसलेली असेल.