कालचा नेम आज खरा कशावरून?

लातूरहून नांदेडकडे निघाले की वाटेत चाकूर लागते. सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, त्यामुळे मराठवाड्याच्या या भागाला रायफल हा शब्द नवा नाही. नेमबाजी जिथे शिकवतात तिथे झिरोइंग शिकवावेच लागते. झिरोइंग म्हणजे डोळ्याला दिसणारा बिंदू आणि गोळी लागणारा बिंदू ठरलेल्या अंतरावर एक करणे. याकडे पेच फिरवण्याचे काम म्हणून पाहिले जाते. पण भारतीय दर्शनांतला एक जुना वाद त्यात जसाच्या तसा सापडतो: झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवायचे? कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक सांगतात, ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. बाध येईपर्यंत, म्हणजे दुसरे ज्ञान ते खोडून काढेपर्यंत, ते खरेच धरायचे. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली, की मग ते ज्ञान खरे होते असे कळते, असे ते म्हणतात. वात्स्यायनाचे न्यायभाष्य याच मुद्द्याने सुरू होते. कित्येक शतकांनंतर त्याच परंपरेतल्या गंगेशालाही तत्त्वचिंतामणीच्या पहिल्याच खंडात त्यावर सविस्तर लिहावे लागले. रायफलवर दुर्बीण बसवणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, या वादात नैयायिकांच्या बाजूला उभा असतो. आणि ही बाजू नीट समजून घेतली तर दुर्बीण रायफलला धरून ठेवणारा माउंट कोणता घ्यावा याचे उत्तरही बरेचसे हाती येते.

दुर्बिणीतून दिसते ती रेषा सरळ असते, गोळीचा मार्ग वाकलेला असतो, आणि दुर्बिणीचा मध्य रायफलच्या नळीच्या मध्यापेक्षा काही सेंटिमीटर वर असतो. या दोन वेगळ्या गोष्टींना एकत्र बांधून ठेवणारे सामान अगदी किरकोळ दिसते: रायफलवरची रेल, तिच्यावर आवळलेल्या दोन रिंगा, चार-आठ पेच. पण हिशेब करून पाहावा. रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर आहे आणि मागची रिंग ०.१ मिलिमीटर आडवी सरकली, म्हणजे साधारण वहीच्या कागदाच्या जाडीइतकी, तर गोळी १०० मीटरवर १० सेंटिमीटर आणि ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर बाजूला जाते. आणि एवढे होऊनही दुर्बिणीत काहीच बदललेले दिसत नाही. फुलीच्या रेघा तितक्याच काळ्या, चित्र तितकेच स्वच्छ. दिसण्याच्या स्पष्टतेवरून दिसण्याचा खरेपणा ठरत नाही, याचा यापेक्षा रोकडा पुरावा मिळणे कठीण. उलट बाजूही पाहावी. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालतच नाही. बारीक भोकाच्या साइटमधून नेम धरावा लागतो. मोठे दिसणे आणि खरे दिसणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. तरीही लोक दुर्बिणीवर हजारो रुपये ओततात आणि रिंगा मात्र दुकानदार देईल त्या घेतात.

इथे मीमांसकाचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. प्रत्येक ज्ञान दुसऱ्या कशाने तपासायचे तर त्या तपासणीची तपासणी कोणी करायची? ही साखळी कुठे संपणार? टारगेटच्या कागदावरचे भोकही डोळ्यांनीच पाहायचे असते. याला न्यायपरंपरेने दिलेले उत्तर मला पटते: जिथे शंकाच उरत नाही तिथे तपास थांबतो, आणि ओळखीच्या बाबतीत दर वेळी नव्याने तपास लागत नाही. आजचे ज्ञान पूर्वी कसोटीला उतरलेल्या ज्ञानाच्याच जातीचे आहे, एवढे ओळखता आले की पुरते. वाचस्पतिमिश्रांनी हा विचार मांडला आहे. माउंटचे सारे काम या एका वाक्यात आहे. काल रेंजवर जी जुळणी सिद्ध झाली, तीच आजही आहे असे मानण्याचा अधिकार आपल्याला काच देत नाही, माउंट देतो.

म्हणून निवडताना विचारायचे ते एवढेच: ही जात बदलू न देण्याची हमी कशात जास्त आहे? रिंगा ज्यावर बसतात तो बेस दोन तुकड्यांचा असण्यापेक्षा अखंड बरा, कारण दोन तुकडे एका रेषेत बसले नाहीत तर रिंगा दुर्बिणीला पीळ देतात. जुन्या वीव्हर रेलवरच्या खाचांचे अंतर सगळीकडे सारखे नसते. १९९५ साली अमेरिकी सैन्याने पिकॅटिनी रेलचे मानक ठरवले, त्यात ते १० मिलिमीटरच्या आसपास पक्के बांधले. दुर्बिणीची नळी २५.४ मिलिमीटरची असेल तर ३० मिलिमीटरची रिंग चालत नाही, हे सांगण्याची गरज नसावी. उंची गाल दस्त्यावर टेकून डोळा सहज मध्यावर येईल इतकीच. पेच अंदाजाने न आवळता मोजून आवळायचे. काढता-घालता येणाऱ्या माउंटची गोष्ट जरा वेगळी. ड्रॅगुनोव्ह रायफलची दुर्बीण बाजूच्या पट्टीवर सरकवून खटक्याने आवळतात. काढून पुन्हा बसवली की नेम जागेवर येईल, असा तिचा दावा असतो. दावा शास्त्रीय आहे, पण काढून, बसवून, झाडून पाहिल्याखेरीज तो मान्य करण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप श्रीहर्षाच्या खंडनखंडखाद्यातून येतो. मुठीत कवड्या किती, याचा कोणी अंदाज ठोकतो आणि तो बरोबर निघतो. म्हणून त्याला ज्ञान होते असे म्हणायचे का? रायफलच्या बाबतीत ही शंका अगदी खरी आहे. माउंट गोळी डावीकडे नेणारा आणि घोडा दाबताना हात उजवीकडे हिसकणारा, अशा दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि गोळी मधोमध लागते. फळ मिळाले, ज्ञान खोटेच. यावर रेंजवरच्या रिवाजाने तर्कशास्त्राला मदत केली आहे. एका गोळीवर कोणी झिरो लावत नाही. काही गोळ्यांचा ग्रुप पाहतात. मग अंतर बदलतात, नेमबाज बदलतात. योगायोगाने जुळलेल्या चुका अशा फेरबदलात सहसा टिकत नाहीत. फलप्राप्ती ही कसोटी टिकते, फक्त ती एकदाच मिळून भागत नाही.

पण या सगळ्या कसोटीला एक कुंपण आहे, आणि तिथे मात्र मीमांसकांचे पारडे जड होते. माउंट घट्ट, ग्रुप बारीक, नेम खरा. यातून गोळी कुठे लागेल ते कळते, झाडावी की नाही ते कळत नाही. धर्म काय हे प्रत्यक्षाने कळत नाही, त्याला विधी, म्हणजे वेदाची आज्ञा, लागतो, असे मीमांसक सांगतात. वेदाच्या अधिकाराविषयीचे त्यांचे मत बाजूला ठेवले तरी कर्तव्य यशावरून सिद्ध होत नाही ही त्यांची नोंद खोडता येत नाही. निर्णयाचे झिरोइंग करता येत नाही. कागदावर पाच गोळ्या आधी झाडून पाहता येतात. माणसावरची पहिली गोळीच शेवटची असते. कोणी म्हणेल, परिणाम चांगला झाला तर निर्णय बरोबरच होता. कायदा असे मानत नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमे ३४ ते ४४ आहेत. तिथे जीव घेण्यापर्यंतच्या हक्काची चौकशी होते ती त्या क्षणी धोक्याची भीती वाजवी होती का, आणि हानी गरजेपुरतीच केली का, यावरून. नेम किती अचूक बसला यावरून नव्हे.