भाग बदललेले इंजिन तेच राहते का?

जुने डिझेल इंजिन जतन करताना नेमके काय जतन होते, हा प्रश्न जितका यंत्रशास्त्राचा तितकाच तत्त्वज्ञानाचा आहे. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्याचे डब्ल्यूडीएम-2 रेल्वे इंजिन 1962 मध्ये भारतात आले आणि 1964 पासून वाराणसीत बनू लागले. त्याला 16 सिलिंडर होते आणि त्याची ताकद 2,600 अश्वशक्ती होती. पिस्टन, लायनर, ट्रॅक्शन मोटारी झिजल्या की बदलल्या जात. सांगाडा आणि क्रमांक मात्र कायम राही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देतात. चाक, आस, दांडी यांपैकी एकही रथ नाही. त्यांच्या जुळणीला ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव आहे. न्याय-वैशेषिक दर्शनांच्या विचारवंतांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ‘अवयवी’ (संपूर्ण वस्तू) अवयवांहून वेगळा आणि खरा असतो. पण अवयव बदलला की अवयवीही नवा होतो.

पहिल्या मतानुसार जुळणी आणि कार्य टिकवावे, म्हणजे इंजिन चालते ठेवावे. दुसरे मत मूळ धातूला हात लावू देत नाही. संग्रहालयातील स्थिर इंजिन त्याला जवळचे.

वेरूळच्या दहाव्या लेण्याला विश्वकर्म्याचे नाव आहे. कारागिरीला पूज्य मानणाऱ्या या परंपरेत तिसरे उत्तर सापडते: यंत्राबरोबर ते दुरुस्त करणारे ज्ञानही जपावे. त्यासाठी काही इंजिने अस्पर्श ठेवावीत, काही चालवावीत आणि बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवावी.