उचलावं की राहू द्यावं?

सातवीतल्या एका मुलानं वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याहून, मामाच्या गावाहून, डायनासोरचं दगड झालेलं शेण आणलं. डोंबिवलीतल्या आमच्या शाळेत ते कपाटात ठेवावं का, हे मी माझ्या भूशास्त्राच्या सरांना विचारलं.

सर : कुठल्या थरातलं, ते सांगता येईल त्याला?

मी : बांधावर सुटं पडलं होतं म्हणतो. नांगराखाली फुटलंच असतं.

सर : फुटलं असतं, खरंय. पण २००५ साली पिसदुऱ्याच्या अशाच शेणात निदान पाच प्रकारच्या गवतांचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे त्यातून कळलं. आणि ते शेण डायनासोरचं कशावरून? त्याच थरांत टायटॅनोसॉर या डायनासोरांची हाडं मिळतात म्हणून. थर माहीत नसता, तर हा तर्क उभाच राहिला नसता.

मी : मग मुलांना सांगते, फोटो काढा, हात लावू नका.

सर : वरळीला असं झालं असतं तर? लाव्हाच्या दोन थरांमध्ये तिथं तळ्याचा गाळ दबला होता. त्यातल्या चिमुकल्या बेडकाला जीवाश्मतज्ज्ञ ओवेननं १८४७ मध्ये नाव दिलं, कासवाला कार्टरनं १८५२ मध्ये. कार्टर पेशानं डॉक्टर. ज्याच्या नावावरून कासवाचं नाव पडलं, तो लीथही डॉक्टरच. हौशी माणसं! आज वरळीत इमारती आहेत. त्यांनी तेव्हा उचललं नसतं, तर आपण काय पाहिलं असतं?

मी : म्हणजे उचलावं.

सर : सुटं असेल, नष्ट होणार असेल आणि शेतमालकाची परवानगी असेल, तर. आधी फोटो आणि अक्षांश-रेखांश. थरात रुतलेल्याला छिन्नी लावायची नाही. ते काम अभ्यासकांचं.

मी : इथंच अडतं. नेमकी जागा लिहा म्हणून मीच शिकवणार. एखाद्यानं तिचं रील टाकलं की दगड विकणारे तिथं हजर. मग लिहा पण कुणाला सांगू नका, असं म्हणायचं? विज्ञानात लपवाछपवी नसते, हे तुम्हीच शिकवलंत.

सर : सगळ्यांना सांगायचं नाही, पण योग्य हाती द्यायचं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपुरात आहे. नोंद तिकडे पाठव, दगडाचं काय करायचं तेही त्यांनाच विचार.

मी : आणि गाव? शेत मामांचं, शोधनिबंध दुसऱ्यांचे, दगड तिसऱ्याच शहरात. आपण मात्र जबाबदारी शिकवल्याचं समाधान मानणार. मला हे पटत नाही.

सर : नोंदीची दुसरी प्रत गावातल्या शाळेला दे.

मी : मामा म्हणाले, दगड परत द्या, तर?

सर : द्यायचा.

मी : त्यांनी विकला तर?

सर : त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या भीतीपोटी त्यांना न विचारता तो आपणच ठेवून घेतला, तर त्या मुलाला आपण काय सांगणार?