शोकाची तिथी

दुःख पंचांग पाहून येत नाही. मग ठरलेल्या तिथीस केलेला शोक खरा कसा मानावा, असा प्रश्न सुशिक्षित मनास पडणे स्वाभाविक आहे. आणि गोव्यातील 'गुड फ्रायडे'चे आचरण पाहिले असता तो विशेषच जाणवतो.

१५१० ते १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या अमलाखाली असलेल्या या भूमीत कॅथॉलिक आचार खोल रुजला आहे. आदल्या सायंकाळच्या उपासनेतच चर्चच्या घंटा मुक्या होतात. त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचा रुक्ष खडखडाट ऐकू येतो. वेदीवरील वस्त्रे काढून घेतात. शुक्रवारी मिस्सा होत नाही, उपवास असतो, आणि मृत ख्रिस्ताची मूर्ती मिरवणुकीने नेतात. एवढ्या समुदायात प्रत्येकाचे अंतःकरण त्याच घटकेस विदीर्ण होत असेल काय? अर्थातच नाही.

परंतु म्हणून या आचारास दंभ म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. भावना मनुष्याच्या स्वाधीन नाही. तिच्यासाठी जागा मोकळी ठेवणे मात्र आहे. डोळ्यांस पाणी आले नाही म्हणून श्राद्ध खोटे ठरत नाही. आमच्या ईश्वरपुराच्या (पूर्वीच्या इस्लामपुराच्या) बाजूस, कडेगावी, मोहरमचे उंच ताबूत हिंदु-मुसलमान मिळून उभारतात. तेथील प्रत्येक हिंदूस करबलेची कथा ठाऊक असेलच असे नाही, तरी शेजाऱ्याच्या दुःखास मान देण्याचा संस्कार त्यास घडतोच.

खरा आक्षेप निराळाच आहे. निरपराध्यास झालेल्या देहदंडाबद्दल जेथे दरवर्षी शोक होई, त्याच गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायासन श्रद्धेच्या कारणावरून माणसांस बंदीत घालीत होते. शोक होता, पण तो समोरच्या बंदिवानापर्यंत पोहोचला नाही. यात दोष तिथीचा नव्हे. तिथी सरताच शोकाचे ऋण फिटले, असे मानणाऱ्या मनाचा आहे.

हा दोष परधर्मीयांचाच, असे समजून कोणी समाधान मानू नये. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानदेवादि भावंडांचा झालेला छळ आपण सद्गदित होऊन ऐकतो. तरीही माणसांस वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रास २०१६ साली कायदा करावा लागला.

तेव्हा शोकाची तिथी अवश्य पाळावी. मात्र आज आपल्या गावाने कोणास वेशीबाहेर ठेविले आहे, याची चौकशी केल्यावाचून ती पुरी झाली असे समजू नये.