श्रेणी, मानक्रम आणि स्वधर्म
लष्करातील लेफ्टनंट कर्नल, जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक आणि १९६५ मध्ये स्थापन झालेल्या सीमा सुरक्षा दलातील सेकंड-इन-कमांड, म्हणजे बटालियनमधील कमांडंटच्या खालोखालचा अधिकारी, या तिघांच्याही खांद्यावर राजमुद्रा आणि एक तारा असतो. परंतु चिन्हांच्या या साम्यावरून त्यांची कर्तव्येही तुल्य ठरवणे हा विचारदोष होय. गीतेतील स्वधर्म, म्हणजे ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेले कर्तव्य, ही संकल्पना येथे खरोखर उपयोगी पडते, कारण तिच्यात कर्तव्याचे मोल दुसऱ्याच्या कर्तव्याशी ताडून ठरत नाही. मानक्रम, अर्थात समारंभातील अग्रक्रम, राज्याला ठरवावाच लागतो. मात्र युद्धकाळात हे सीमादल लष्कराच्या नियंत्रणाखाली काम करते, तेव्हा आज्ञेचा क्रम बदलला तरी चौकीवरील अधिकाऱ्याची नैतिक जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.