आई-बाळाच्या मेंदूंचा ताळमेळ नेमका कशाचा?

आई आणि बाळ एकमेकांत रमले की दोघांचे मेंदू ‘एका लयीत’ चालतात, असं हल्ली वारंवार छापून येतं. गंमत अशी की ज्या प्रयोगांचा हवाला दिला जातो, त्यांतल्या दोन गाजलेल्या प्रयोगांत समोरची मोठी व्यक्ती आई नव्हतीच. ती होती संशोधक. केंब्रिजमध्ये व्हिक्टोरिया लिआँग आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना बडबडगीतं ऐकवत दोन्ही बाजूंच्या विद्युतलहरी ईईजीने टिपल्या (2017). गाणारीची नजर बाळाकडे असली की लहरींमधला संबंध वाढे, वळली की घटे. प्रिन्स्टनमध्ये एलिस पियाझा यांच्या गटाने 2020 साली 9 ते 15 महिन्यांच्या मुलांवर असाच प्रयोग केला, पण अवरक्त प्रकाशाने मेंदूतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजून. संशोधक मुलाशी खेळत, गात, त्याला वाचून दाखवत असताना ताळमेळ दिसला. ती बाजूला वळून दुसऱ्या कुणाला गोष्ट सांगू लागली, तेव्हा तो गेला. त्या वेळी मूल स्वतःच्या पालकाजवळ खेळत होतं. तेव्हा ही मोजमापं मायेची नाहीत. त्या घडीला कोण कुणात गुंतलंय, एवढंच ती सांगतात. माझ्या मते तेही थोडं नाही.

यावर आक्षेप असा की एकच गाणं दोघांच्या कानी पडतंय, मग आलेख जुळणारच. पण लिआँग यांनी एका मांडणीत गाणारीचा चेहरा तिरका ठेवून नजर मात्र बाळावरच ठेवायला लावली होती. गाणी तीच, तरी नजरेचा परिणाम टिकला. नजर भिडल्यामुळे बाळ अधिक लक्षपूर्वक ऐकतं आणि म्हणून लहरी जुळतात, ही शंका तरीही उरते. ती मान्य करायला माझी हरकत नाही, कारण लक्षाची हीच देवाणघेवाण तर शोधायची आहे. आणि ती एकतर्फी नाही. सॅम वास यांच्या गटाच्या 2018 च्या अभ्यासात वर्षाच्या बाळाची नजर खेळण्यावर गेली की पालकाच्या मेंदूतल्या थीटा नावाच्या विद्युतलहरी वाढत, आणि त्या अधिक वाढल्या तर बाळाचं लक्षही जास्त वेळ टिके. पियाझांना तर मुलाचा मेंदू काही सेकंद पुढे असल्याचं आढळलं. इथे मात्र जपून बोलावं: रक्तप्रवाह मेंदूच्या क्रियेपेक्षा मुळातच सेकंदांनी मागे असतो, आणि तान्ह्याचा व मोठ्याचा विलंब सारखाच असेल असं नाही.

मोठ्या मुलांचा दाखला देऊन कुणी म्हणेल की आईचं नातं आलेखात उमटतंच. 5 ते 9 वर्षांच्या मुलांच्या एका जर्मन अभ्यासात (2018) सहकार्याच्या खेळात ताळमेळ पालकाबरोबर (बहुतेक वेळा आई) दिसला, अनोळखी मोठ्या व्यक्तीबरोबर नाही. फरक खरा असेल. पण ओळखीच्या माणसाबरोबर मूल निर्धास्त खेळतं, यानेही तो पडू शकतो. शिवाय ही गटांची सरासरी आहे. एका घरातल्या आईला गुण देण्याइतकी ती बारीक नाही. प्रिन्स्टनमध्ये 42 मुलं आली, त्यांतल्या 18 जणांचीच नोंद कामी आली. बाकीच्यांनी मोजमापाची टोपी घालू दिली नाही किंवा फार चुळबुळ केली. चुळबुळ्या मुलांच्या आयांबद्दल हे आलेख गप्प आहेत.