न सापडलेला देश आणि आपली साक्ष

समुद्रात कधीच नव्हती अशी कितीतरी बेटे नकाशांवर नांदून गेली. न्यू कॅलेडोनियाजवळचे ‘सँडी आयलंड’ १८७६ साली एका जहाजाने कळविले; २०१२ मध्ये संशोधक तेथे गेले, तेव्हा सुमारे १,४०० मीटर खोल पाणी आढळले. कळविणारे मुद्दाम खोटे बोलले असे मानण्यास कारण नाही. मग दोष कोणाचा?

प्रिय वाचकहो, हा प्रश्न केवळ दर्यावर्दींचा नाही. हिमालयापलीकडे विसरले गेलेले ख्रिस्ती लोक राहतात, अशी वार्ता मोगल दरबारातील जेझुइट पाद्र्यांच्या कानी आली होती. ‘कॅथे’ नावाचा देश चीनहून निराळा आहे, असाही युरोपात समज होता. १६०२ साली बंधू बेंतो द गॉइश शोधार्थ आग्र्याहून निघाले. कॅथे म्हणजे चीनच, हे त्यांना वाटेत उमगले. १६०७ मध्ये चीनच्या सीमेवर त्यांनी देह ठेवला. त्यांचे वृत्त १६१५ साली युरोपात छापले गेले. तरीही वार्ता मेली नाही. १६२४ साली पाद्री अंतोनियो द आंद्राद दिल्लीत वेष पालटून बद्रीनाथच्या यात्रेकरूंत मिसळले आणि तिबेटातील त्सापरंगला पोहोचले. तेथे बौद्ध लामा भेटले; ख्रिस्ती कोणी नव्हते. परंतु १६२६ साली त्यांचा वृत्तांत लिस्बनमध्ये निघाला तो ‘महान कॅथेचा नवा शोध’ म्हणून!

कोणी म्हणेल, त्या वार्तेमुळेच तिबेटात शुभवर्तमान गेले ना? देव आपल्या चुकांतूनही कार्य करितो, हे खरे. म्हणून चूक सत्य ठरत नाही. विश्वास न पाहिलेल्या गोष्टींचा असतो, पण तो अफवेवर उभा राहत नाही. लूकाने नीट शोध करून लिहिले. बिरुयाकरांनी पौलाचे वचनही शास्त्राशी ताडून पाहिले, आणि त्यांची प्रशंसाच झाली.

अमुक प्रांतात हजारोंचा बाप्तिस्मा झाला, अमुक गावी मेलेला उठला, असे आपण प्रार्थनासभेत आनंदाने सांगतो. कोणी पाहिले, हे किती वेळा विचारतो? खोट्या साक्षीविषयीची आज्ञा ऐकलेले पुढे सांगणाऱ्यालाही बांधते. शोध घेणाऱ्यास तेथे काही आढळले नाही, तर आपल्या खऱ्या साक्षीवरूनही त्याचा विश्वास उडतो. तेव्हा सांगण्यापूर्वी विचारावे. आणि शोधूनही सापडले नाही, तर तसे स्पष्ट सांगावे. सत्य तोच ज्याचा प्रभू, त्याने याचे भय का बाळगावे?